निवेदक बदलला की आरंभ बदलतो : एका मालिकाधारित कादंबरीचा विचार

एखादी कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाते तेव्हा तिच्यात झालेला प्रत्येक बदल हा मूळ कृतीशी केलेला द्रोह होय, अशी समजूत आपल्या अभ्यासात अद्याप बरीच रूढ आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘मूळ’ आणि ‘रूपांतर’ अशा दोन याद्या समोरासमोर मांडलेल्या असतात आणि त्यांतील फरकांना ‘चुका’, ‘सुटलेले भाग’ वा ‘पदरची भर’ अशी नावे दिलेली असतात. या पद्धतीने फरकांची नोंद होते. फरक का पडला, हे मात्र कळत नाही. निवेदनासंबंधीचा एकच व्याकरणिक निर्णय संपूर्ण कथेची पुनर्रचना कशी घडवून आणतो, हे एका उदाहरणाच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरण निवडले आहे ते डेव्हिड व्हिटेकर याने लिहिलेल्या व १९६४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या फ्रेडरिक मुलर या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या कादंबरीचे. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालिकेवर आधारलेली ही पहिलीच कादंबरी. १९७३ साली टार्गेट या ग्रंथमालेतून ती ‘डॉक्टर हू अँड द डालेक्स’ या आटोपशीर नावाने पुन्हा निघाली.

१

प्रथम मालिकेतील आरंभ ध्यानात घेऊ. बीबीसीवर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या भागात लंडनमधील एका शाळेचे दोन शिक्षक दिसतात : विज्ञान शिकविणारा इयान चेस्टर्टन आणि इतिहास शिकविणारी बार्बरा राइट. सुझन नावाच्या विद्यार्थिनीचे विलक्षण ज्ञान व तितकेच विलक्षण अज्ञान पाहून ते बुचकळ्यात पडतात आणि तिच्या पाठोपाठ भंगारसामानाच्या एका आवारात शिरतात. तेथे पोलिसांच्या निळ्या पेटीच्या रूपात उभे असलेले ‘टार्डिस’ हे कालयान आणि सुझनचा आजोबा ‘डॉक्टर’ यांची त्यांना गाठ पडते. यानंतरचे तीन भाग अश्मयुगात घडतात. त्यापुढे टेरी नेशन याने लिहिलेली सात भागांची कथा येते. ती २१ डिसेंबर १९६३ ते १ फेब्रुवारी १९६४ या काळात प्रक्षेपित झाली. स्कारो नावाचा युद्धाने उजाड झालेला ग्रह, धातूच्या कवचात राहणारे डालेक आणि शांतताप्रिय थाल लोक हा तिचा विषय.

व्हिटेकरची कादंबरी या दुसऱ्या कथेवर बेतलेली आहे. परंतु तिचा आरंभ पहिल्या कथेतून घेतलेला नाही. येथे शाळा नाही, भंगाराचे आवार नाही, अश्मयुगही नाही. नव्या नोकरीचा प्रयत्न फसल्याने खट्टू होऊन घरी परतणारा इयान रात्रीच्या दाट धुक्यात बार्न्स कॉमन या लंडनच्या नैर्ऋत्येकडील माळावर मोटार थांबवतो. अपघातातून वाचलेली एक अनोळखी तरुणी त्याच्याकडे मदत मागते. ती बार्बरा. सुझन ही तिची विद्यार्थिनी खरी, पण इयानशी तिचा काहीही संबंध नाही. या गोंधळातच डॉक्टर त्याच्यासमोर येतो आणि शेवटी सर्वजण टार्डिसमध्ये पोचतात. पुढील मुक्काम थेट स्कारो.

हा बदल अज्ञानाने झाला असेल काय? मुळीच नाही. व्हिटेकर हा या मालिकेचा पहिला कथासंपादक होता. दूरचित्रवाणीवरील आरंभ ज्याच्या देखरेखीखाली सिद्ध झाला, त्यानेच एका वर्षाच्या आत दुसरा आरंभ लिहिला. तेव्हा मूळ ठाऊक नसणे किंवा मुळाविषयी अनास्था असणे, ही दोन्ही स्पष्टीकरणे येथे निकालात निघतात.

२

माझ्या मते या बदलाचे मूळ कादंबरीच्या निवेदनात आहे. संपूर्ण कथा इयान ‘मी’ म्हणून सांगतो. कार्ल ब्यूलर या भाषामानसशास्त्रज्ञाने १९३४ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की ‘मी’, ‘येथे’, ‘आता’ हे शब्द एका मध्यबिंदूभोवती फिरतात आणि बोलणारी व्यक्ती हाच तो बिंदू असतो. कॅमेऱ्याला असा कायमचा बिंदू नसतो. तो इयानबरोबर शाळेत असतो, पुढच्या क्षणी डालेकांच्या नियंत्रणकक्षात असतो आणि त्यांचे खलबत आपल्याला ऐकवतो. ‘मी’ने सांगितलेल्या कथेत ही मुभा उरत नाही. इयान जेथे नाही, तेथे वाचकही नाही.

याचे दोन परिणाम मालिका व कादंबरी शेजारी ठेवल्यास स्पष्ट दिसतात. मालिकेत डालेकांच्या कथेचा पहिला भाग एका गाजलेल्या प्रसंगाने संपतो : बार्बरा ओसाड नगरातील मार्गिकेत एकटी सापडते, तिच्याकडे काहीतरी सरकत येते आणि आपल्याला दिसते ती केवळ तिची भीती. इयान तेथे नाही. म्हणून कादंबरीत हा प्रसंग त्याच रूपात येऊच शकत नाही. दुसरे उदाहरण सुझनचे. किरणोत्साराने आजारी पडलेल्या सोबत्यांसाठी औषध आणण्याकरिता ती पाषाणवत झालेल्या रानातून एकटीच टार्डिसकडे जाते. पडद्यावर आपण तिच्याबरोबर धावतो. कादंबरीत निवेदक डालेकांच्या कोठडीत अडकलेला असल्यामुळे हा प्रवास वाचकाला ऐकीव हकिकत म्हणूनच मिळू शकतो.

पाहिलेले आणि ऐकलेले यांतील हा भेद मराठी भाषकाला चटकन उमगावा. ‘सुझन रानातून धावत गेली’, ‘सुझन रानातून धावत गेली म्हणे’ आणि ‘सुझन रानातून धावत गेली असावी’ या तीन वाक्यांतील घटना एकच आहे. बदलतो तो तिच्या ज्ञानाचा उगम. पहिल्या वाक्यात वक्ता घटनेची हमी घेतो, दुसऱ्यात ती हमी दुसऱ्यावर सोपवतो, तिसऱ्यात तर्काने निष्कर्ष काढतो. ‘म्हणे’ हे मूळचे क्रियापदाचे रूप आज अव्ययासारखे वापरले जाते आणि ऐकिवाची खूण म्हणून काम करते. इंग्रजीत असा सुटसुटीत शब्द नाही. तेथे कुणी, केव्हा, काय सांगितले याचे वाक्यच रचावे लागते. व्हिटेकरला मालिकेतील अनेक दृश्ये या सांगण्याच्या वाक्यांत तरी बसवावी लागणार होती किंवा सोडून तरी द्यावी लागणार होती.

३

आता आरंभाकडे वळू. मालिकेतील शिक्षकांजवळ पूर्वज्ञान आहे. ते एकमेकांना ओळखतात, सुझनला ओळखतात, तिच्याविषयी त्यांचा संशय आठवड्यांपासून साचलेला आहे. हे सारे ‘मी’च्या तोंडी घालावयाचे तर निवेदकाला आधी मागची हकिकत सांगत बसावे लागले असते. त्यातच ही कादंबरी स्वतंत्रपणे वाचली जावी अशी तिची रचना होती. मालिका न पाहिलेल्या वाचकालाही ती कळावयास हवी होती. अशा वाचकाला सोयीचा निवेदक कोणता? ज्याला वाचकाइतकेच ठाऊक आहे तो, म्हणजे ज्याला काहीच ठाऊक नाही तो. धुके, अपघात आणि अनोळखी माणसे यांची योजना या गरजेतून झाली आहे. इयानचे अज्ञान आणि वाचकाचे अज्ञान एकाच ओळीपासून सुरू होते व बरोबरीने ओसरत जाते.

याचा आणखी एक परिणाम नात्यांवर होतो. मालिकेत इयान व बार्बरा हे सहकारी; त्यांचे संबंध कथेपूर्वीच ठरलेले. कादंबरीत ते परके असल्यामुळे त्यांची जवळीक हीच कथेतील एक घटना बनते. इंग्रजी सर्वनामात ही वाटचाल दिसत नाही, कारण परक्यालाही आणि आप्तालाही तेथे एकच शब्द. कुणी या कादंबरीचे मराठी भाषांतर करावयास बसला तर मात्र त्याची सुटका नाही. बार्न्स कॉमनवर इयान बार्बराला ‘तुम्ही’ म्हणणार हे उघड आहे. पण ‘तू’ कोणत्या पानावर येणार? हा प्रश्न मालिकेच्या भाषांतरकाराला इतक्या तीव्रतेने पडणार नाही. कथेची पुनर्कल्पना किती खोलवर झाली आहे, हे मोजण्याचे साधन म्हणून हे एक सर्वनाम पुरेसे आहे.

सर्वच बदल निवेदनातून निघालेले आहेत, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. कादंबरीतील डालेकांचा प्रमुख काचेच्या कवचात बसलेला आहे, त्यामुळे आतील प्राणी इयानला दिसतो. मालिकेने आवरणाखालून बाहेर येणारा एक पंजा तेवढा दाखविला होता. चार डालेक-सांगाडे व छायाचित्रांत रंगविलेले बाकीचे डालेक यांवर जिचे काम भागवावे लागले, त्या निर्मितीला असला काचेचा डालेक परवडणारा नव्हता; शाईला तो फुकट होता. हा फरक साधनसामग्रीचा आहे, व्याकरणाचा नव्हे. फरकांची यादी करताना हे दोन वर्ग वेगळे ठेवणे अगत्याचे आहे.

४

येथे एक शंका उपस्थित होईल. दोन परस्परविरोधी आरंभांपैकी ‘खरा’ कोणता? पाठचिकित्सेत आपण मूळ पाठ व प्रक्षेप यांत भेद करतो. परंतु येथे कादंबरीला प्रक्षेप म्हणता येत नाही, कारण दोन्ही पाठांमागे एकाच संपादकाचा हात आहे. शिवाय त्या काळातील ग्रहणाची परिस्थितीही विचारात घ्यावयास हवी. प्रक्षेपित झालेला भाग प्रेक्षकाला घरी पुन्हा पाहता येत नसे. पुस्तक मात्र कपाटात राहत असे. १९७३ ची आवृत्ती हाती घेणाऱ्या मुलांपैकी अनेकजण १९६३ साली जन्मलेलेही नव्हते. त्यांच्यापुरता कथेचा आरंभ बार्न्स कॉमनवरच होत होता.

पुढे १९८१ साली टेरन्स डिक्स याने मालिकेच्या पहिल्या कथेची कादंबरी लिहिली आणि त्याच वर्षी बीबीसीने ती कथा पुनःप्रक्षेपित केली. तेव्हा एकाच फळीवर दोन पहिली पाने उभी राहिली. दरम्यान १९६५ च्या चित्रपटाने तिसराच आरंभ दिला होता : त्यातील डॉक्टर हा पृथ्वीवरचा एक संशोधक असून यान त्याने स्वतःच बांधलेले आहे. २०२३ साली तर डालेकांची मूळ कथाच रंगीत करून, पंचाहत्तर मिनिटांत आटोपून, नव्याने दाखविण्यात आली. पहिल्या कादंबरीतील प्रथमपुरुषी पद्धत मात्र रुळली नाही. स्वतः व्हिटेकरने १९६६ च्या आपल्या दुसऱ्या कादंबरीत तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले.

तात्पर्य, या कादंबरीला मालिकेची सदोष नक्कल मानले तर तिच्यातील सर्वांत बोधप्रद गोष्टच हातून निसटते. तिच्या कर्त्याने एक पुरुष निवडला, आणि त्या पुरुषाला जे ठाऊक असू शकत नव्हते ते कथेतून काढून टाकावे किंवा दुसऱ्याच्या तोंडी घालावे लागले. रूपांतराचा अभ्यास करणाऱ्याने फरकांची यादी अवश्य करावी. परंतु प्रत्येक फरकापुढे ‘चूक’ असे लिहिण्यापूर्वी ‘हे कोण सांगत आहे, आणि त्याला हे कसे कळले?’ एवढा एक प्रश्न विचारावा. आमच्या विभागातील पुढील निबंधांत त्या दोन याद्यांशेजारी या प्रश्नासाठी तिसरा रकाना दिसेल, अशी आशा आहे.