प्रत्येक ई-मेलची स्वतंत्र ओळख

ई-मेल निघताना त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे सहसा नजरेआड राहणाऱ्या माथ्यावरच्या मजकुरात, ‘मेसेज-आयडी’ नावाची एक ओळ लिहिली जाते. ही त्या एका संदेशाची ओळख. बुऱ्हाणपूरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याने रावेरच्या व्यापाऱ्याला सकाळी भाव कळवला आणि दुपारी तोच मजकूर नव्याने लिहून धाडला, तर वाचणाऱ्याला दोन्ही मेल सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे संदेश, कारण दोघांचे मेसेज-आयडी वेगळे. उलट एकच मेल एकाच वेळी दहा जणांना गेला, तर दहाही प्रतींवर एकच आयडी असतो.

असा क्रमांक द्यायचा कोणी, हा यातला खरा प्रश्न. पत्रांच्या बाबतीत टपालखात्याने तो अधिकार आपल्याकडे ठेवला. बुऱ्हाणपूरचा पिनकोड ४५०३३१. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत संस्कृतचे कवी आणि टपालखात्यातले ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला अंक ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या विभागाचा. पहिले तीन अंक मिळून पत्रांची छाननी होणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. पण पिनकोड ठिकाणाला मिळतो, पत्राला नव्हे. पत्राला स्वतःचा क्रमांक मिळतो तो स्पीड पोस्टने पाठवल्यावर: आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. नऊपैकी शेवटचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो. आठ अंक ४७३१२४८२ असतील, तर नववा ९ च यायला हवा. टंकताना एखादा अंक चुकला, तर या पडताळणीत ती चूक सहसा तिथेच पकडली जाते.

ई-मेलला असे मध्यवर्ती खाते नाही. जगभरातले सर्व्हर एकमेकांना न विचारता मेल तयार करतात, तरी दोन संदेशांचे आयडी सारखे होता कामा नयेत. १९८२ सालच्या ई-मेल मानकाने ही जबाबदारी आयडी तयार करणाऱ्या यंत्रावरच टाकली. मेसेज-आयडी कोनी कंसात लिहितात आणि ॲट या चिन्हाने त्याचे दोन भाग पडतात. उजवीकडे बहुधा त्या यंत्राचे किंवा संस्थेचे डोमेन असते. डोमेनची नावे जगात एकमेवच असतात, त्यामुळे प्रत्येक संस्थेला फक्त आपल्या हद्दीत पुनरुक्ती टाळायची राहते. त्यासाठी डावीकडे तारीख-वेळ, यंत्रातल्या प्रक्रियेचा क्रमांक किंवा कसाही निवडलेला लांबलचक आकडा घालतात. कुणाची परवानगी न घेता एकमेव नाव देता येईल अशी ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. ई-मेल इतका पसरला त्यात तिचा वाटा मोठा आहे.

या ओळखीचा रोजचा उपयोग म्हणजे संभाषण जुळवणे. उत्तर लिहिले की नव्या मेलला स्वतःचा आयडी मिळतो, आणि ‘इन-रिप्लाय-टू’ व ‘रेफरन्सेस’ या ओळींत मूळ मेलचे व आधीच्या उत्तरांचे आयडी नोंदले जातात. त्या साखळीवरून मेलचा प्रोग्राम प्रश्नाखाली उत्तर लावतो. विषय बदलला तरी साखळी टिकते; काही सेवा मात्र विषय बदलताच नवे संभाषण धरतात. एकच मेल दोन वाटांनी पोचला तर दुसरी प्रत गाळायलाही आयडीच कामी येतो. हरवलेला मेल शोधताना सर्व्हरच्या नोंदवहीत याच आयडीने शोध घेतला जातो.

मेलपेटीतला क्रमांक ही निराळी गोष्ट. मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या आयमॅप पद्धतीत सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधल्या मेलला ‘यूआयडी’ देतो. तो त्या फोल्डरपुरताच असतो. मेल दुसरीकडे हलवला की बदलतो.

मेसेज-आयडी म्हणजे खरेपणाचा पुरावा नव्हे. तो पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो, त्यामुळे लबाडाला हवा तसा लिहिता येतो. पाठवणारे डोमेन खरे आहे का, हे ‘डीकेआयएम’सारखी डिजिटल सही तपासून पाहावे लागते. तरीही वाद झाला, तर कोणता मेल कुठे गेला याचा माग काढायला मेसेज-आयडी हाच हाताशी असलेला पहिला धागा.

म्हणून ज्यांचे सौदे मेलवर होतात, त्यांनी महत्त्वाच्या मेलची फक्त छापील प्रत ठेवून भागवू नये. मेल फॉरवर्ड करून ठेवणेही पुरत नाही, कारण फॉरवर्ड केलेल्या मेलला नवा आयडी मिळतो आणि मूळचे हेडर त्यात सहसा येत नाही. जीमेलमध्ये मेलच्या मेनूतून मूळ संदेश उघडला की मेसेज-आयडी वरच दिसतो आणि संपूर्ण मेल फाइल म्हणून उतरवून घेता येतो. ती फाइल जपून ठेवावी आणि खात्यातला मूळ मेलही पुसू नये.