कोरोना विषाणूचे प्रकार व रोगाची तीव्रता

कोविड-१९ या रोगास कारणीभूत असलेल्या सार्स-कोव्ह-२ या कोरोना विषाणूच्या आनुवंशिक द्रव्यात उत्परिवर्तने (आकस्मिक आनुवंशिक बदल) होऊन त्याचे निरनिराळे प्रकार निर्माण झाले. या प्रकारांच्या प्रसारक्षमतेत, तसेच त्यांच्यामुळे होणाऱ्या आजाराच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळून आला आहे. विषाणूचे आनुवंशिक द्रव्य म्हणजे सु. ३०,००० न्यूक्लिओटाइडांचे बनलेले रिबोन्यूक्लिइक अम्ल होय. त्याच्या प्रतिकृती तयार होताना काही चुका राहून जातात. त्यांपैकी बहुतेकांचा विशेष परिणाम होत नाही. परंतु ज्या काटेरी प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू मानवी कोशिकेस चिकटतो, त्यात बदल झाल्यास विषाणूचे गुणधर्म पालटू शकतात. अशा महत्त्वाच्या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी जाहीर केली.

मृत्युप्रमाण : निदान झालेल्या रुग्णांपैकी शेकडा किती दगावले, यास रुग्ण-मृत्युप्रमाण म्हणतात, तर निदान न झालेल्यांसह सर्व संसर्गितांपैकी शेकडा किती दगावले, यास संसर्ग-मृत्युप्रमाण म्हणतात. चाचण्या कमी झाल्यास सौम्य रुग्ण नोंदले जात नाहीत व पहिले प्रमाण फुगलेले दिसते. शिवाय रुग्णाचे वय, इतर व्याधी, लसीकरण, पूर्वी झालेला संसर्ग आणि रुग्णालयांवरील ताण यांवरही मृत्यू अवलंबून असतात. म्हणून दोन प्रकारांची तुलना करताना या बाबी समान असलेल्या रुग्णांचे गट घ्यावे लागतात.

प्रमुख प्रकार : आल्फा हा प्रकार इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० मधील नमुन्यांत प्रथम आढळला. तेथील अभ्यासांत या प्रकाराच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका आधीच्या प्रकारांच्या तुलनेने सु. ६०% अधिक दिसून आला. डेल्टा हा प्रकार भारतात २०२० च्या अखेरीस आढळला. तो ज्या कुळातील होय, त्या कुळाचे विषाणू महाराष्ट्रातील नमुन्यांत वाढत असल्याचे मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केले होते. इंग्लंडमधील तुलनेत डेल्टामुळे रुग्णालयात दाखल होण्याचा धोका आल्फाच्या सु. दुप्पट ठरला. त्याच्या काटेरी प्रथिनातील एका बदलामुळे विषाणूचा कोशिकांत प्रवेश आणि संसर्गित कोशिकांचे परस्परांत मिसळणे सुलभ झाले. मात्र एप्रिल-मे २०२१ मध्ये भारतात झालेल्या प्राणहानीस केवळ विषाणू कारणीभूत नव्हता. प्राणवायू व खाटा यांचा तुटवडा आणि लसीकरणाचे अल्प प्रमाण ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका व बोट्स्वाना येथून ओमिक्रॉनची नोंद झाली. हा प्रकार श्वासनलिकांत वेगाने वाढतो, पण फुप्फुसाच्या ऊतकात तितक्या सहजतेने वाढत नाही. इंग्लंडमध्ये वय, लसीकरण इ. बाबी जमेस धरल्यावरही त्याच्यामुळे मृत्यू येण्याचा धोका डेल्टाच्या तुलनेने सु. ७०% कमी आढळला.

तीव्रता व एकूण मृत्यू : प्रत्येक रुग्णास असलेला धोका कमी झाला म्हणजे एकूण मृत्यू घटतातच असे नाही. समजा, एका प्रकाराचा संसर्ग १ लक्ष लोकांना झाला व त्यांपैकी १% दगावले, तर १,००० मृत्यू होतील. दुसऱ्या प्रकाराची मारकता निम्मी, परंतु संसर्ग ४ लक्ष लोकांना झाला, तर मृत्यूंची संख्या २,००० होईल. हाँगकाँगमध्ये याचा प्रत्यय आला. तेथे २०२१ च्या अखेरपर्यंतच्या दोन वर्षांत सु. २०० मृत्यू झाले होते. पुढे ‘सौम्य’ समजल्या गेलेल्या ओमिक्रॉनच्या साथीत २०२२ च्या पहिल्या काही महिन्यांतच नऊ हजारांच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले. मृतांत लस न घेतलेल्या वृद्धांचा भरणा मोठा होता.

विषाणू कालांतराने अपरिहार्यपणे सौम्य होत जातो, ही समजूत बरोबर नाही. कोविड-१९ मध्ये रोगप्रसार मुख्यतः आजाराच्या आरंभीच्या दिवसांत होतो व मृत्यू बहुधा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो. त्यामुळे रुग्ण दगावल्याने विषाणूच्या प्रसारास फारशी बाधा येत नाही. आल्फा व डेल्टा हे पूर्वीच्या प्रकारांपेक्षा अधिक तीव्रच होते, आणि ओमिक्रॉन हा डेल्टाचा वंशज नसून स्वतंत्र शाखेतून उद्‌भवलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य-आणीबाणी संपुष्टात आणली. तोवर मृत्युप्रमाणात जी घट झाली, तीत विषाणूतील बदलांइतकाच, किंबहुना अधिक, वाटा लस व पूर्वसंसर्ग यांमुळे मानवी शरीरात निर्माण झालेल्या प्रतिकारक्षमतेचा आहे. नव्या प्रकाराच्या धोक्याचा अंदाज बांधताना विषाणूच्या गुणधर्मांबरोबरच तो ज्या समाजात पसरतो, त्याची प्रतिकारक्षमता व वैद्यकीय सिद्धताही विचारात घ्यावी लागते, ती यामुळेच.