माणूस संथ की कारखान्याची घडी विस्कटलेली?

गैरसमज : मराठवाड्याचा माणूस मुळातच संथ, कंपनीत टिकत नाही.

वस्तुस्थिती : बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, शेंद्र्यात स्कोडा २००१ साली आली. आसपासच्या तालुक्यांतली, शेतकरी घरांतली पोरं इथल्या लाइनवर उभी राहिली आणि वाळूजच्या रिक्षा परदेशांत गेल्या. सुगीत खाडे पडत असतील, तर त्याचं कारण घरचं शेत आहे, आळस नव्हे. हा शिक्का अन्यायाचा आहे आणि तो पुसायलाच हवा.

गैरसमज : बोलका, चटपटीत उमेदवार कामातही सरस.

वस्तुस्थिती : बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी ठरला तो काटेकोरपणा; बोलकेपणाचा फायदा मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनात दिसला. काटेकोरपणाचा कामगिरीशी संबंधही ०.२ च्या आसपासच, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम ५ टक्के भाग त्यातून उलगडतो.

गैरसमज : काम बिघडलं की दोष कामगाराच्या वृत्तीचा.

वस्तुस्थिती : तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला. बिघाडांची नोंद, मालाची मांडणी, दर्जाची रोजची तपासणी, अशा साध्या शिस्ती लावल्या. कामगार बदलून नवे आणले नव्हते, तरी पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१३ साली छापून आला. वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी त्याकडे जरूर पाहावं.

सरकारी नियंत्रणातून बाजाराकडे वळलेल्या रशियात, त्वेरच्या सूतगिरणीतला अनुभव तर अधिक बोलका आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बक्षिसांनी उत्पादन वाढलं, नेमक्या कामाच्या कौतुकानंही वाढलं. कामगारांकडून सूचना मागवल्यावर मात्र ते घटलं. मला यात हेकेखोरपणा दिसत नाही. आपल्या बोलण्यानं काही बदलतं हा अनुभवच नसेल, तर माणूस कशाला बोलेल? आपल्याकडेही कंत्राटी हेल्परला सहा महिन्यांनी ब्रेक मिळणार हे आधीच ठाऊक असतं. त्याच्याकडून कोणत्या आपुलकीची अपेक्षा करायची?

म्हणून सुपरवायझर मंडळींना विनंती : रिजेक्शन वाढलं की आधी मशीनची नोंदवही उघडा, उमेदवाराचं गाव विचारू नका.