उजनीच्या पाण्यावर तीन दुर्बिणी

पहाटे ४:००
पुण्याहून निघाले. मागच्या सीटवर तीन दुर्बिणी आहेत, तिन्ही ८×४२ : स्वारोव्हस्कीची एनएल प्युअर, झाइसची व्हिक्टरी एसएफ आणि लायकाची नॉक्टिव्हिड. एक माझी, दोन पक्षिमित्रांनी विश्वासानं दिलेल्या. प्रत्येकीची किंमत दोन लाखांच्या वर. एवढे पैसे घालायचे तर कुठल्या दुर्बिणीत, हे मासिकासाठी लिहायचं आहे, म्हणून आजचा सबंध दिवस उजनी धरणाकाठच्या भिगवणला. दुकानात उभं राहून समोरची पाटी वाचली तर ती तिन्हींतून सारखीच लख्ख दिसते. फरक कळतो तो ऊन बदलतं, हात दमतात आणि पक्षी हलतात तेव्हा.

६:१५
कुंभारगाव. अजून झुंजूमुंजू आहे. नाव पाण्यात ढकलली, समोर बुडालेल्या बाभळींवर चित्रबलाक पंखात मान खुपसून बसलेले. अंधुक उजेडात महत्त्वाचा असतो तो दुर्बिणीतून डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास. पुढच्या काचेच्या ४२ मिलिमीटर व्यासाला ८ या पटीनं भागलं की ५.२५ मिलिमीटर. तिघींचं उत्तर एकच, त्यामुळे या तासाला तिघींत निवड करण्याजोगं काही नाही. १०×४२ घेतली तर हाच झोत ४.२ मिलिमीटरवर येतो आणि फरक जाणवतो. पहाटेच्या कामाला आठचीच दुर्बीण हवी, यावर मी ठाम आहे.

७:३०
खरी परीक्षा आता. सूर्य धरणाच्या पाण्यावर आला, रोहितांचा थवा नेमका त्याच बाजूला. त्यांच्या अलीकडे, चिखलाच्या कडेनं, चिमण्यांएवढे टिलवे भराभर चोची मारत फिरताहेत. यातले छोटे टिलवे कुठले आणि टेमिंकचे कुठले, हे पायांवरून ओळखायचं : छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवे. उजेड समोरून असला की सगळेच पाय काळे दिसायला लागतात, आणि भारी काचेचे पैसे इथे वसूल होतात. नॉक्टिव्हिडमधून टेमिंकच्या पायांचा हिरवट रंग पहिल्याच नजरेत दिसला. समोरून येणारा भरकटलेला उजेड तिनं सर्वांत चांगला अडवला. रंगही तिचेच सर्वांत गडद आणि भरीव. एनएलमध्ये चित्राच्या तळाशी पांढुरकी चंद्रकोर उमटत होती. डोळ्यांपाशी फिरवायच्या वाट्या एक टप्पा बाहेर काढल्या आणि डोळे काचेच्या मध्यावर नीट आणले, तेव्हा ती बरीच कमी झाली. एसएफ या दोघींच्या मधे. चष्मा लावूनच बघणाऱ्या माझ्यासारखीला तिन्हींतून पूर्ण वर्तुळ दिसतं. स्वस्त दुर्बिणींत हे सुख क्वचितच मिळतं.

एक सांगायलाच हवं : दुर्बीण सूर्यावर कधीही रोखू नका, कडेनंसुद्धा नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

९:३०
नाव जोरात चालली आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब किनाऱ्यावर गवत खुडताहेत. नावेत हात हलतो, दुर्बीण हलते आणि जितकं मोठं करून पाहाल तितकी ही थरथरही मोठी होते. आता वजन बोलायला लागतं. कागदावर एसएफ ७८० ग्रॅम, एनएल ८४०, नॉक्टिव्हिड ८६०. पण एसएफचं वजन डोळ्यांच्या बाजूला सरकवलेलं असल्यामुळे ती हातात त्याहून हलकी वाटते, मनगटं ओढली जात नाहीत. एनएलच्या नळ्या मधे कमरेसारख्या निमुळत्या, बोटं आपोआप तिथे बसतात. नॉक्टिव्हिड आटोपशीर आणि भक्कम, पण तासाभरानं मान सांगते.

नावाड्याला म्हटलं, “दादा, तुम्हीही बघा की.” त्याची रोजची नजर माझ्यापेक्षा तयार. तिन्ही आळीपाळीनं लावल्या आणि एनएल काही खाली ठेवेना. “ताई, ह्यात कडंचा पक्षीबी मधल्यावानी दिसतोय. सारखी मान फिरवाया लागत न्हाई.”

दोन वाक्यांत त्यानं नेमकं सांगितलं. एक हजार मीटरवर एनएलमध्ये १५९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, एसएफमध्ये १४८, नॉक्टिव्हिडमध्ये १३५. शिवाय पहिल्या दोघींत चित्र कडेपर्यंत धारदार राहतं, नॉक्टिव्हिडमध्ये कडेला किंचित मऊ पडतं.

दुपारी १:००
चिलापीचं कालवण, भाकरी. पाण्यावरून हवा थरथरायला लागली की कितीही महागडी काच असो, लांबचा पक्षी वितळलेलाच दिसतो. ही वेळ सफाईची. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी किंचित ओलसर सुती कापड, मधून कडेकडे. ओढणीच्या टोकानं पुसणं बंद करा. धुळीत वाळूचे कण असतात आणि काचेवरचे लेप फार पातळ असतात.

४:३०
कडबनवाडीचं माळरान. वाळलेलं गवत उन्हात पिवळं झालेलं, एक चिंकारा उभा राहून आमच्याकडे बघतोय. भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतालगत खालून उडू लागले. माँटेग्यूचा आणि पांढुरका या दोघांच्या माद्या वेगळ्या ओळखणं हे अवघड काम. पांढुरक्या मादीच्या गळ्याभोवती फिकट कॉलर असते आणि तिच्यामागे मानेवर गडद पट्टा. माँटेग्यूच्या मादीला कॉलर नसते. गडद डाग कानापाशीच, आणि डोळ्याभोवती पांढरं जास्त. हे बघायला पक्षी वळेल तेवढेच दोन क्षण मिळतात. शंभर मीटरवर एनएल आणि नॉक्टिव्हिड यांच्या दृश्यात जवळजवळ अडीच मीटरचा फरक पडतो. भोवत्या एकदम वळला तरी एनएलमध्ये तो आतच राहतो. एसएफचं फोकसचं चाक मात्र सर्वांत हलकं आणि चपळ. पक्षी सरळ अंगावर येत होता तेव्हा तिनंच त्याला पकडून ठेवलं. कॉलर स्पष्ट दिसली. पांढुरकी मादी.

६:१५
सूर्य गेला. एकेक भोवत्या गवतात उतरला, मुक्कामाला.

रात्री ९:००
घरी. निकाल लिहिते. नावेत, पाणथळीवर, थव्यांत शोधाशोध करायची असेल तर एनएल प्युअर. दिवसभर गळ्यात घालून चालायचं असेल तर एसएफ. त्यातही डोंगर चढणाऱ्यांनी तिची ८×३२ आवृत्ती बघावी, सुमारे ६०० ग्रॅम वजन आणि दृश्य १५५ मीटर. उन्हाविरुद्ध पाहणं आणि रंगांचा सच्चेपणा सर्वांत वर असेल तर नॉक्टिव्हिड. मला एकच ठेवायची झाली तर मी एनएल ठेवीन.

विद्यार्थ्यांनी आणि नुकतीच पक्षिनिरीक्षणाला सुरुवात केलेल्यांनी यासाठी कर्ज काढू नये. निकॉनची मोनार्क एचजी ८×४२ साधारण एक तृतीयांश किमतीत मिळते, वजन ६६५ ग्रॅम आणि दृश्य १४५ मीटर. आजचा भोवत्या तिच्यातूनही ओळखता आला असता. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी कुणाकडून तरी एक सकाळ मागून घ्यावी, स्वतःचा चष्मा लावून पाणवठ्यावर वापरावी आणि मगच पैसे द्यावेत.