घोडी तोंड का उडवते? बिट आणि नाकपट्टा निवडताना

आम्ही माथेरानच्या घोडेवाल्यांच्या घरातल्या बायका. आमच्या डोंगरावर मोटारगाडी येत नाही, दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथून पुढे पाहुणा घोड्यावर बसतो, सामानही घोड्यावर चढतं. म्हणजे घोड्याच्या चार पायांवर आमची चूल चालते. घोडा पुरुष फिरवतात, पण चारा-पाणी, खरारा, तबेल्याची झाडलोट आपल्याच हातची. त्यामुळे घोड्याच्या तोंडाचं दुखणं आधी कळायला हवं ते आपल्याला.

आमच्या गटातल्या एका घरी चांदणी नावाची घोडी आहे. गटाचं कर्ज काढून घेतलेली. ऐन दिवाळीच्या हंगामात ती मान झटकायला लागली, तोंड उघडून लगाम चावायला लागली. एकदा पाठीवरचं पोर पडता पडता वाचलं. सगळे म्हणाले, घोडी हट्टी आहे, तोंड आवळा. आम्ही नाकपट्टा दोन भोकं घट्ट केला. दोन दिवस घोडी गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी ती चढावर दोन पायांवर उभी राहिली, आणि संध्याकाळी चंदी अर्धवट चावून खाली टाकली. तेव्हा आमचे डोळे उघडले. घोडी हट्टी नव्हती. ती सांगत होती आणि आम्ही तिचं तोंड बांधलं होतं.

पशुवैद्यकांनी तोंड उघडून दाखवलं. वरच्या दाढेची बाहेरची कड सुरीसारखी झाली होती आणि समोर गालाला आतून जखम होती. घोड्याच्या दाढा चावताना आडव्या घासतात, त्यामुळे वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने धार येते. पट्टा घट्ट केला की गाल त्याच धारेवर दाबला जातो. आम्ही उपाय म्हणून केलं ते दुखण्यावर दुखणं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की नवीन बिट घ्यायच्या आधी दात दाखवा. दाढेची धार डॉक्टर कानशीने घासून काढतात. ते काम घरी करायचं नाही. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेपुढे एक बारका दात असतो, त्यावरही बिट आपटतं. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या जनावराचे दात बदलत असतात, तेव्हाही तोंड नाजूक असतं. वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यावेत.

आता बिट म्हणजे काय? लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. बिट तिथे, जिभेवर टेकतं. त्या हिरडीवर कातडी पातळ आणि खाली लगेच हाड. आपल्या नडगीवर बोट दाबून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

चांदणीच्या तोंडातलं बिट आधीच्या मोठ्या घोड्याचं होतं. ते रुंद पडत होतं. एक वादी ओढली की सगळं एका बाजूला सरकायचं. अरुंद बिट असेल तर ओठांचे कोपरे चिमटतात. माप घ्यायला सोपी युक्ती आहे. एकीने घोडी धरावी, दुसरीने जाड सुतळी बिटाच्या जागी तोंडातून आडवी धरावी. दोन्ही ओठांच्या बाहेर खूण करावी. त्या मापात एक सेंटिमीटर मिळवावा, म्हणजे दोन्हीकडे अर्धा अर्धा सेंटिमीटर मोकळा राहतो. सुतळी घेऊनच दुकानात जा. दुकानात माप इंचात असतं.

बिट किती उंच बांधायचं? ओठांच्या कोपऱ्याला ते नुसतं टेकावं, फार तर एक हलकी सुरकुती पडावी. कोपरा वर ताणलेला दिसला तर गालपट्टा सैल करा. खाली लोंबत असेल तर घोडा जीभ बिटावर काढायला शिकतो, मग ती सवय मोडणं अवघड.

जाडी साधारण करंगळीएवढी बरी. बारीक बिट रुततं. पण जाड म्हणजे मऊ असंही नाही. लहान चणीच्या घोड्याचं तोंड जिभेनेच भरलेलं असतं, त्यात जाड लोखंड मावत नाही.

मधोमध एकच सांधा असलेलं बिट ओढलं की अडकित्त्यासारखं मिटतं. काही घोड्यांना ते चालतं, काहींना नाही. दोन सांधे आणि मध्ये गुळगुळीत चपटा तुकडा असेल तर ते जिभेवर पसरून बसतं. चांदणीला तेच मानवलं. गंज चढलेलं, मुलामा उडालेलं बिट वापरू नका. कडेवरून बोट फिरवा. आपल्या बोटाला टोचलं तर तिच्या तोंडालाही टोचणार. थंडीत बिट हातात धरून कोमट करा आणि काम झालं की धुवून ठेवा.

काटेरी बिट मात्र घरात आणूच नका. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांनी त्याला बंदी आहे. हनुवटीखाली साखळी आणि बाजूला लांब दांड्या असलेलं बिटही आपल्या कामाचं नाही. दांडीमुळे हाताची ओढ कितीतरी पट वाढते, आणि आपल्याकडे बसणारा पाहुणा नवखा असतो. तोल गेला की तो लगामालाच लटकतो.

त्यावर आम्ही एक बदल केला. लगामाच्या आत म्होरकी घालतो आणि घोडी धरून चालायचं असेल तर दोर म्होरकीला बांधतो, बिटाला नाही. पाहुण्याला धरायला खोगिराच्या पुढच्या बाजूला एक पट्टा लावला आहे. त्याने निम्मी ओढाताण थांबली.

आता नाकपट्टा. तो गालाच्या हाडाच्या उंचवट्याखाली दोन बोटं सोडून असावा. फार खाली, जिथे नाकाचं हाड संपून मऊ भाग लागतो तिथे नको. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. ढिलाई बघताना बाजूला नाही, समोर नाकाच्या हाडावर बोटं घाला. दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही २०२५ पासून पट्ट्याची ढिलाई ठरलेल्या मापाने तपासतात. बिटाच्या खालून तोंड आवळणारी दुसरी वादी असेल तर ती काढून ठेवा. घोडी तोंड उघडते ते दिसू द्या, नाहीतर दुखणं झाकलं जाईल.

एका वेळी एकच बदल करा. आधी पट्टा सैल, मग बिट. नवीन बिट घातल्यावर चार-पाच दिवस घरच्या माणसानेच सपाट रस्त्यावर फिरवावं, पाहुणा बसवू नये. घोडी सावकाश चघळत असेल, ओठांना थोडा फेस असेल तर ठीक. दात खाणं, जीभ बाहेर काढणं, मान एकाच बाजूला ओढणं सुरूच राहिलं तर खोगीर, पाठ, कानामागचा पट्टा तपासा. फेसात लाली दिसली तर त्या दिवशी काम बंद आणि सरळ दवाखाना.

चांदणीची पंधरा दिवसांची कमाई बुडाली. गटाने एक हप्ता पुढे ढकलला. जखम भरली, आता ती पुन्हा चालते आहे. तिने आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं, मैत्रिणींनो. तेव्हा ऐकलं असतं तर पोरही घाबरलं नसतं आणि हप्ताही चुकला नसता. आज संध्याकाळी चंदी घालायला जाल तेव्हा दोन बोटं त्या पट्ट्याखाली घालून बघा.