नवी आवृत्ती चांगली वाटली, पण कशावरून?

आज पायलट स्टडीबद्दल बोलायचंय. मुख्य अभ्यासाला हात घालण्याआधी आपण छोट्या प्रमाणावर जी चाचणी घेतो, ती. पण आजचं उदाहरण लॅबमधलं नाही, खेळाच्या टेबलावरचं आहे. तो खेळ खेळताना मला माझ्याच प्रबंधातली एक मोठी चूक सापडली, म्हणून हा लेख.

मी सध्या पीएचडीसाठी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये राहते. इथून सव्वा-दीड तासावर लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. ज्यांनी कधी खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार असतो. तो गोष्ट पुढे नेतो, राक्षस आणि गावकरी सगळे तोच रंगवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: लढवय्या, जादूगार, पुजारी वगैरे. पात्राने काही अवघड करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं तर काम फत्ते.

या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिचं सुधारित नियमपुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये. आमचा पाच जणांचा शनिवारचा गट आहे. आम्ही ठरवलं, जुनं आणि नवं दोन्ही खेळून बघू आणि कुठल्या नियमांनी पुढे जायचं ते ठरवू. त्यासाठी २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' हे तयार साहस घेतलं. सुरुवातीलाच रस्त्यात चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. एका शनिवारी हे जुन्या नियमांनी खेळलो, पुढच्या शनिवारी तेच नव्या नियमांनी. गॉब्लिनचे आकडे दोन्ही वेळा तेच ठेवले, म्हणजे तुलना सरळ होईल असं आम्हाला वाटलं.

पहिल्या शनिवारी आमची दोन पात्रं बेशुद्ध पडली. दुसऱ्या शनिवारी एकही नाही. सगळे खूश. "नवी आवृत्तीच भारी," असं एकमताने ठरलं. मीही हात वर केला.

योगायोग बघा. त्याच आठवड्यात मी माझ्या गाइडना प्रगती अहवाल पाठवला होता. त्यात एक वाक्य होतं: "सुधारित प्रश्नावली पहिल्या प्रश्नावलीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली." सोमवारी भेटले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही वेळांमध्ये नेमकं काय काय बदललं होतं?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता गप्प झाले. त्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी खेळाच्या टेबलावर काय चुकलं ते बघू, कारण तिथे ते जास्त स्वच्छ दिसतं.

एकाच वेळी किती गोष्टी बदलल्या?

नव्या पुस्तकात बदल एक नाही, ढीगभर आहेत. 'क्युअर वुंड्स' हा जखमा भरून काढणारा मंत्र जुन्या नियमांत आठ बाजूंचा एक फासा देतो, नव्यात दोन. माझ्या पुजाऱ्याच्या +३ सकट सरासरी ७.५ वरून १२ वर गेली. औषधाची कुपी पिण्यात आधी अख्खी कृती खर्ची पडायची, आता ते 'बोनस' कृतीत होतं, म्हणजे त्याच पाळीत वारही करता येतो. लढवय्यांना 'वेपन मास्टरी' मिळाली आहे. त्यामुळे कुऱ्हाडीचा घाव बसला की शत्रू खालीही पडू शकतो. आणि बेसावध सापडलात तर पूर्वी पहिली पाळीच जायची. आता फक्त आधी कोणाची पाळी हे ठरवणारा फासा तुमच्या विरुद्ध झुकतो.

मग 'एकही पात्र पडलं नाही' याचं श्रेय यातल्या कशाला द्यायचं? मंत्राला, कुपीला की कुऱ्हाडीला? सांगता येत नाही.

बरं, नियमांच्या बाहेरही बरंच बदललं होतं. दुसऱ्या शनिवारी आम्हाला गॉब्लिन कुठे लपलेत हे माहीत होतं. माहीत नसल्याचं नाटक आम्ही प्रामाणिकपणे केलं, पण जादूगार आपोआप मागेच राहिला. सूत्रधाराचाही हात बसला होता. आणि पहिल्या वेळी आमच्यातली एक जण अर्ध्यावर उठून गेली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, तसं हे. फांदी मोडली हे खरं, कावळा बसला हेही खरं. कावळ्यामुळे मोडली, हे मात्र वेगळं सिद्ध करावं लागतं. संशोधनाच्या भाषेत या गुंत्याला कन्फाउंडिंग म्हणतात.

फाशाचा आवाज

माझ्या रूममेटला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. किराण्याच्या बिलामागे तिने गॉब्लिनचे साधे हल्ले टिपले होते. पहिल्या शनिवारी १० पैकी ७ लागले, दुसऱ्या शनिवारी १० पैकी ३.

आता हिशेब करू. गॉब्लिन हल्ला करताना फाशात ४ मिळवतो. आमच्या पात्रांचं चिलखत १५ धरा. म्हणजे फाशावर ११ किंवा त्याहून जास्त हवेत. वीसपैकी दहा आकडे, शक्यता बरोबर निम्मी. जुन्या नियमांतही निम्मी, नव्यातही निम्मी. १० हल्ल्यांत ७ किंवा जास्त लागण्याची शक्यता १७ टक्के, म्हणजे सहा संध्याकाळींत एखादी. ३ किंवा कमी लागण्याची शक्यताही तेवढीच. समजा दोन्ही शनिवारी तेच नियम असते, तरी अशा शंभर जोड्यांपैकी अकरा-बारा जोड्यांत ४ किंवा जास्त हल्ल्यांचा फरक नुसत्या फाशाने पडला असता. आम्ही ज्याला 'आवृत्तीतली सुधारणा' म्हणत होतो, त्यातला मोठा भाग हा असू शकतो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि ती बरोबरही असते. कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. एक शीत दुसऱ्यापेक्षा फारसं वेगळं नसतं. फासे तसे नसतात आणि माणसंही तशी नसतात. एकेका निरीक्षणात जितका फरक, तितकी जास्त शितं चाचपावी लागतात.

'चांगलं' म्हणजे काय, हे आधी लिहा

"नवी आवृत्ती भारी" असं म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं, हे नंतर विचारल्यावर कळलं. एकाला पात्र न मरणं आवडलं, एकीला कुऱ्हाडीची गंमत. सूत्रधाराला तर खेळ उलट संथ वाटला होता, पण तो बोलला नव्हता.

खेळ बनवणाऱ्यांनाही चाचणी घ्यावीच लागते. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी ऑगस्ट २०२२ पासून सुधारित नियमांचे मसुदे लोकांना खेळायला दिले आणि प्रश्नावल्या भरून घेतल्या. पहिल्याच मसुद्यात असा प्रस्ताव होता की फाशावर २० पडल्यावर होणारा जबर घाव फक्त खेळाडूंच्या पात्रांनाच घालता यावा, राक्षसांना नाही. अंतिम पुस्तकात तो नियम नाही. मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, चाचणी करायची तर काहीतरी टाकून द्यायची तयारी हवी. आपलं मत पक्कं करायला घेतलेली चाचणी काही शिकवत नाही. दोन, अशा प्रश्नावल्या भरतात ते आधीच उत्साही असलेले लोक. ज्याने कंटाळून खेळ सोडला, त्याचं उत्तर त्यात नसतं.

मग आम्ही काय केलं?

तिसऱ्या शनिवारी फक्त ती पहिली लढाई सहा वेळा खेळलो. सगळं नव्या आवृत्तीचं, फक्त जखमा भरणारा मंत्र तीनदा जुना आणि तीनदा नवा. कधी कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. काय मोजायचं ते आधीच कागदावर लिहिलं: लढाईला लागलेली मिनिटं, बेशुद्ध पडलेली पात्रं, पुस्तक उघडावं लागलं ती संख्या.

निकाल? सहा लढायांवरून कुठला मंत्र बरा हे काही कळलं नाही, आणि कळायला नकोच होतं. पण दुसऱ्याच लढाईत प्रश्न आला: एकच पात्र पडलं, उठलं आणि पुन्हा पडलं, तर एक मोजायचं की दोन? आमची मोजपट्टीच कच्ची होती. शिवाय पुस्तक बहुतेक वेळा कुऱ्हाडीच्या नियमासाठी उघडलं, म्हणजे तो नियम वेगळ्या कागदावर समोर ठेवायला हवा. पायलट स्टडीचं खरं काम हेच आहे. सूचना कळतात का, वेळ किती लागतो, मोजमाप कुठे अडतं, हे ती सांगते. 'नवं किती पटीने चांगलं' हे ती सांगू शकत नाही, आणि तिच्याकडून ते वदवून घेऊ नये.

आता माझ्या प्रश्नावलीकडे

शेतकऱ्यांना मोबाइलवर येणाऱ्या हवामान-संदेशांवर माझं काम आहे, क्षेत्रकाम सातारा जिल्ह्यात. पहिली फेरी जूनमध्ये झाली. पेरणीची घाई, ४८ प्रश्न, विचारणारी मी एकटी. लोक बांधावर उभ्याउभ्या उत्तरं देत होते. सुधारित फेरी दिवाळीनंतर झाली. २७ प्रश्न आणि सोबत गावातलाच एक मदतनीस. लोकांनी ओसरीवर बसवून चहा दिला. उत्तरं लांब आली, "माहीत नाही" कमी झालं. आणि मी श्रेय दिलं प्रश्नावलीला! ऋतू बदलला होता, विचारणारा बदलला होता, माणसंही वेगळी होती. माझे गॉब्लिन तर दोन्ही वेळा तेच नव्हते.

ते वाक्य मी अहवालातून काढलं. येत्या जूनमध्ये एकाच गावात, एकाच मदतनिसासोबत, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जुनी आणि निम्म्यांना नवी प्रश्नावली देणार आहे. यात एक हंगाम जाईल. माझी फेलोशिप त्याआधीच संपते, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांसाठी शिकवणीचं काम शोधतेय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते वाक्य व्हायव्हापर्यंत तसंच गेलं असतं, तर जास्त महाग पडलं असतं.

तुम्ही तुमच्या पायलटला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: मी नेमकं काय बदलतेय, त्याच वेळी आणखी काय बदलतंय, आणि कुठला निकाल आला तर मी माझं मत सोडेन. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर चाचणी अजून तयार नाही.

आणि हो, आमचा गट सध्या नवीच आवृत्ती खेळतोय. ती चांगली आहे हे सिद्ध झालंय म्हणून नाही, आम्हाला आवडली म्हणून. खेळाला तेवढं कारण पुरतं. प्रबंधाला नाही.