घरासाठी तंबोरा घेताना

इंदूरच्या मराठी घरात मूल गाऊ लागले की तंबोऱ्याचा विचार निघतो आणि नाव येते ते मिरजेचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळ्यांपासून घडणाऱ्या या वाद्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु केवळ नावावर वा नक्षीवर भुलू नये. प्रथम गाणाऱ्याची पट्टी ठरवावी. स्त्रियांचा तंबोरा आखूड, पुरुषांचा लांब असतो. भोपळ्यास तडा नाही, खुंट्या घसरत नाहीत, हे पाहावे. मग तारा जुळवून जवारी ऐकावी. घोडीवरील धागा सरकवताच चारही तारांचा नाद सारखा खुलला पाहिजे. माळव्याचा उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. त्याने लाकूड आटते, फुगते. म्हणून गवसणी हवीच. बेसूर तंबोऱ्यापाशी रोज बसणाऱ्या मुलाचा कान बिघडतो, आणि कान काही बाजारात मिळत नाही.